थंडीतला रविवार कुणाचा?

दिवाळी सरली की सोनपेठ तालुक्यातली हवा बदलते. सकाळी शिवारावर धुके उतरते, ज्वारी कमरेला लागते आणि चहाच्या टपरीसमोर शेकोटी पेटते. परभणी जिल्ह्याची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत एखाद्या वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली जातो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याची ठळक बातमी येते. आम्हाला मात्र या थंडीचे कौतुकच जास्त. उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पाय सोडत नाही. मोकळ्यावर बसायला, खेळायला, चार माणसांत मिसळायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच काय ते चार महिने. म्हणून सगळे सोहळे याच काळात दाटीने येतात.

हे सोहळे आपल्या मोहल्ल्यांतही येतात. पण त्यांचा आनंद घरातल्या कोणाकोणापर्यंत पोहोचतो, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. शाळेत मुलामुलींसोबत दिवस काढणाऱ्या माझ्यासारखीला तो दर हिवाळ्यात पडतो. या वेळी तो वाचकांसमोर ठेवते.

भरगच्च हंगाम

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, कुस्त्यांचा फड, तमाशाचे तंबू असा तिचा थाट असतो. बांगड्या, मिठाई, खेळणी विकणारी कितीतरी मुस्लिम कुटुंबे अशा यात्रांमागून हिंडत वर्षाची कमाई करतात. लातूर-धाराशिवकडे मोठ्या हौसेने साजरी होणारी वेळ अमावस्या आमच्याकडच्या काही गावांतही पाळतात. त्या दिवशी शेतात जेवायला बोलावताना कोणी धर्म विचारत नाही. पौष-माघात हुरडा येतो. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसे गरम असतानाच हातावर चोळायची आणि लसणाच्या चटणीशी, गुळाशी खायची. संक्रांतीला शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन येतात आणि ईदला त्यांच्या घरी शीरखुर्मा जातो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यावर उर्स भरतो. बहुतेक उर्स हिजरी तारखेने येतात आणि ऋतूंमधून फिरत राहतात. परभणीचा उर्स इंग्रजी तारखेने भरत असल्यामुळे तो कायम थंडीतच असतो. उर्सातल्या रीतींविषयी आपल्यात मतभेद आहेत, ते राहोत. पण आकाशपाळणे, मौत का कुआं, मीना बाजार आणि खाण्याच्या गाड्या यांची ही जत्रा जिल्ह्यातल्या सर्व समाजांची आहे. वर्षातून एकदा आई, आजी आणि लेकी एकत्र घराबाहेर पडतात, असे जे थोडे प्रसंग आपल्याकडे आहेत त्यांतला हा एक.

याशिवाय शाळांची स्नेहसंमेलने, 3 जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, 26 जानेवारीची प्रभातफेरी असते आणि या सगळ्यांवर मात करणाऱ्या टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा असतात. मैदानावर दिव्यांचे खांब, कर्ण्यावर धावते समालोचन, पुढाऱ्यांच्या नावाची बक्षिसे आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे सामने. मुले खेळतात याचा आनंदच आहे. मात्र रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक लावू नये असा नियम आहे, आणि अलीकडे दहावीची परीक्षा फेब्रुवारीतच सुरू होते. सोमवारी सकाळी पेंगणारी मुले वर्गात बसली की आदल्या रात्री अंतिम सामना होता हे वेगळे सांगावे लागत नाही.

मुलींच्या वहीतला रविवार

एका डिसेंबरात मी सातवीच्या वर्गाला 'थंडीतला रविवार' या विषयावर उर्दूत निबंध लिहायला दिला. मुलांच्या वह्यांत सामने, पतंग, दोस्ताच्या शेतातला हुरडा, अब्बांसोबत मोटारसायकलवरून पाहिलेल्या कुस्त्या असे सगळे होते. मुलींनीही छान लिहिले होते. ऊबदार रजाई होती, अम्मीने केलेली बाजरीची भाकरी होती. पण बहुतेकींचा रविवार घराच्या उंबऱ्याच्या आतच होता. रजया उन्हात टाकायच्या, आठवड्याचे कपडे धुवायचे, धाकट्या भावाला सांभाळायचे, दुपारी मेंदीची नक्षी काढायची. एकीला मी सहज विचारले, "तू खेळलीस कधी?" ती हसून म्हणाली, "आपा, इतवार को तो सबसे ज्यादा काम रहता!"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती जे रोज पाहते तेच तिने सांगितले. तिची अम्मी, तिची दादीही अशाच राहिल्या. मैदान मुलांचे, कट्टा पुरुषांचा, टपरी पुरुषांची आणि शेकोटीसुद्धा पुरुषांची. बायकांना मिळते ती लग्नाची दावत आणि वर्षातून एखादी जत्रा.

याची किंमत शरीर मोजते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54 टक्क्यांहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षय खेळून जात नाही, त्यासाठी आहार आणि औषध लागते. पण मुलगी मैदानावर उतरली की ती लवकर थकते का, तिला दम लागतो का, हे कोणाच्या तरी डोळ्यांना दिसते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे चांगली हालचाल करावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही.

आपल्या दीनमध्येही तो नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. ईदच्या दिवशी हबशी लोक भाल्यांचे खेळ करीत होते तेव्हा आपल्या आडोशाने त्यांना ते मनसोक्त पाहू दिले. हे प्रसंग हदीसमध्ये आले आहेत आणि आपण ते वाअजमध्ये ऐकतोही. ऐकलेले मोहल्ल्यात उतरायचे तेवढे बाकी आहे.

घड्याळाची अडचण

"मुलींना कोण अडवते? शाळा सुटल्यावर खेळू द्या की," असे काही पालक म्हणतात. पण थंडीत हे जमत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. आमच्या भागात डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा पाचच्या आसपास सुटते. घरी पोहोचून दप्तर ठेवेपर्यंत मगरिबची अजान होते. अंधार पडल्यावर मुलीने बाहेर राहावे असे कोणत्याच आईला वाटणार नाही, आणि त्यात चूकही काही नाही. म्हणजे थंडीत हवा खेळण्याजोगी असते, पण संध्याकाळ मुलींच्या हाती लागत नाही. मुलांसाठी दिव्यांचे खांब उभे राहतात, मुलींचा दिवस मगरिबला संपतो.

यावर उपाय रविवारच्या सकाळचा. नऊ ते अकरा ही वेळ थंडीत सोन्यासारखी असते. धुके विरलेले असते, ऊन कोवळे असते आणि जोहरला भरपूर अवकाश असतो. त्या वेळी शाळेचे मैदान रिकामे पडलेले असते. तेच दोन तास मुलींसाठी राखून ठेवावेत, एवढीच मागणी आहे.

हे कोणी ठरवायचे? शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बऱ्याच आयांना आपण या समितीत आहोत एवढेच ठाऊक असते, सहीपुरते. पण सुटीच्या दिवशी मैदान उघडे ठेवण्याचा ठराव या समितीत मांडता येतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळेची जागा शिकवण्याच्या वेळेबाहेर समाजाच्या उपक्रमांसाठी वापरावी असे म्हटले आहे. संस्थेच्या शाळांत मुख्याध्यापकांना आणि संचालकांना जाऊन भेटावे. चार आया एकत्र गेल्या तर नाही म्हणणे अवघड जाते.

दोन खांब आणि एक शिट्टी

कोणता खेळ घ्यावा, असा प्रश्न पुढे येतो. माझे मत खो-खोला. बॅट नको, जाळी नको, महागडे बूट नकोत. सपाट जमीन, दोन खांब, आखायला चुना आणि एक शिट्टी एवढ्यावर खेळ उभा राहतो. एका संघात बारा मुली आणि मैदानावर नऊ, त्यामुळे पुष्कळ जणींना एकाच वेळी संधी मिळते. सलवार-कुर्त्यावर किंवा पूर्ण बाह्यांच्या टी-शर्टवर आणि ट्रॅकपँटवर आरामात खेळता येतो, त्यामुळे पेहरावाचा वादही निघत नाही.

आणि हा खेळ आता गल्लीपुरता राहिलेला नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असे हरवले. त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे. तिचे मूळ गाव आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. आमच्या मुलींना परदेशातल्या खेळाडूंची नावे सांगण्यापेक्षा हे एक नाव सांगितले की त्यांचे डोळे मोठे होतात.

"शहरात चालेल, आपल्याकडे लोक काय म्हणतील?" ही शंका मला नेहमी ऐकू येते. तिच्या उत्तरासाठी मुंब्र्याकडे पाहावे. ठाण्याजवळची ही वस्ती दाट, मध्यमवर्गीय आणि गरीब मुस्लिम कुटुंबांची. तिथे 2012 मध्ये 'परचम' नावाने एकत्र आलेल्या मुलींनी आणि कार्यकर्त्यांनी फुटबॉल सुरू केला. सुरुवातीला घरच्यांना समजावणे, खेळायला मोकळे मैदान मिळवणे, सगळेच कठीण होते. काही मुली हिजाब घालून खेळल्या, काही न घालता. मुस्लिम मुलींसोबत इतर समाजांच्या मुलीही संघात आल्या. लोक बोलले, मग बोलून दमले. मुली खेळत राहिल्या.

आमच्यासारख्या गावात त्याहून सोपे आहे, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. मात्र काही गोष्टी आधी पक्क्या कराव्या लागतील. मैदानावर एक शिक्षिका किंवा दोन आया हजर हव्यात. शाळेचे स्वच्छतागृह उघडे आणि पाण्याचा माठ भरलेला हवा. येण्या-जाण्यासाठी गल्लीतल्या मुलींनी गटाने निघावे. आयांनी घरी थांबण्याऐवजी मैदानाच्या कडेला उन्हात येऊन बसावे. भाजी निवडायची असेल तर ती सोबत आणावी. त्यांनाही चार बायकांत बसायला मिळेल, आणि मुलगी पडली-झडली तर अम्मी समोरच असेल. घरात रविवारच्या कामाची वाटणी मात्र करावी लागेल. रजई उन्हात टाकायला आणि बादली उचलायला मुलाचेही हात चालतात.

दादीचे गाणे, नातीची बैतबाजी

खेळ मुलींसाठी झाला. त्यांच्या आया आणि आज्यांसाठी काय? थंडीच्या दुपारी उन्हात बसून करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते बाहेरून आणावे लागत नाही.

उर्दू शाळांत बैतबाजी होते. एका संघाने शेर म्हटला की तो ज्या हर्फावर संपतो त्या हर्फाने सुरू होणारा शेर दुसऱ्या संघाने म्हणायचा. मराठीतल्या गाण्याच्या भेंड्यांची ही उर्दू बहीण. स्नेहसंमेलनात मंचावर मुली असतात आणि समोर पाहुणे. हीच बैतबाजी एखाद्या दुपारी मोहल्ल्याच्या अंगणात घेऊन एका बाजूला मुली आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या आया बसवल्या तर काय रंगत येईल! पुष्कळ आयांची शाळा आठवी-नववीत सुटलेली असते, पण पाठ केलेले शेर सुटलेले नसतात.

आज्यांकडे तर त्याहून जुना खजिना आहे. दख्खनच्या सूफी परंपरेत चक्कीनामे आणि चरखानामे आहेत. जात्यावर दळताना, सूत कातताना बायकांनी म्हणावीत अशी ही दखनी गीते. विजापूरच्या सूफींचा इतिहास लिहिणाऱ्या रिचर्ड ईटन यांनी त्यांना फार महत्त्व दिले, कारण दीनच्या गोष्टी या गाण्यांमधून घराघरातल्या स्वयंपाकघरांत पोहोचल्या. मराठीत जात्यावरच्या ओव्या आहेतच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाजही आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या दखनीही बोलतात आणि मराठीही. लग्नात, बारशात, जात्यावर त्यांनी काय काय म्हटले ते त्यांच्यासोबत चालले आहे. मुलींनी मोबाइलवर नुसता आवाज जरी टिपून ठेवला, तरी ते वाचेल. दादीला वाटेल की आपल्याला कोणी विचारले, आणि तिच्या हिवाळ्याला तेवढी ऊब पुरते.

पुस्तकांची जत्राही थंडीतच भरवता येते. डिसेंबर 2021 मध्ये राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा ग्रंथमेळा मालेगावात नऊ दिवस चालला आणि एक कोटी रुपयांहून अधिक किमतीची पुस्तके विकली गेली. हे नाशिक जिल्ह्यातले मालेगाव, यंत्रमागावर राबणाऱ्या हातांचे गाव. कष्टकरी माणसे पुस्तके घेत नाहीत हा समज त्या नऊ दिवसांत खोटा ठरला. आपल्याला इतके मोठे काही करायचे नाही. मैदानाच्या कडेला एक चादर अंथरून शाळेच्या ग्रंथालयातली पन्नास उर्दू-मराठी पुस्तके मांडली, तरी खेळून दमलेल्या मुली ती हातात घेतात.

गावात मागे राहिलेली मुले

थंडीच्या सोहळ्यांत एक घर आपल्याला दिसतच नाही, कारण त्याला कुलूप असते. दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि परभणी-बीडकडची ऊसतोड मजुरांची कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे गावाचे आनंदाचे चार महिने त्यांच्या वाट्याला उसाच्या फडात, पाल्याच्या खोपीत येतात. काही मुले आईबापांसोबत जातात. काही आजी-आजोबांजवळ मागे राहतात, काही हंगामी वसतिगृहात.

या मुलांमध्ये सर्व जाती-धर्मांची मुले आहेत. स्नेहसंमेलनात ज्यांच्या घरून कोणीच येत नाही, ज्यांच्या नाचाच्या कपड्यांचे पैसे कोणी भरत नाही, ती हीच. रविवारचे मैदान उघडले तर पहिली हाक त्यांना द्यावी. हुरड्याला निघालो तर आपल्या मुलांसोबत दोन मुले त्यांच्यातली न्यावीत. त्यासाठी वर्गणी लागत नाही. शेजाऱ्याचा हक्क म्हणून जे आपण लहानपणापासून ऐकले, ते याहून वेगळे काय आहे?

येणारे रमजान

हे सगळे आत्ताच का, याचेही एक कारण आहे. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान आता हिवाळ्यात येतो आहे. 2027 मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल, 2029 मध्ये जानेवारीच्या मध्यावर. 2030 साली तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा, असा एकाच वर्षात दोनदा रमजान लागेल. माझ्या वयाच्या वाचकांना 1990 च्या दशकाच्या अखेरीचे थंडीतले रोजे आठवत असतील. दिवस लहान, तहान कमी आणि सहरीला उठताना रजईशी झटापट.

पुढच्या काही वर्षांत रोजे, बोर्डाची परीक्षा, स्नेहसंमेलने आणि स्पर्धा एकाच वेळी येणार आहेत. आधी आखणी केली नाही तर मुलींचा वाटा पुन्हा सर्वांत आधी कापला जाईल, कारण घरात काम वाढले की पहिली हाक तिलाच जाते. म्हणून खेळ आणि अंगणातल्या बैठकी नोव्हेंबर-डिसेंबरातच सुरू कराव्यात. रमजानच्या महिन्यात धावपळीचे खेळ थांबवून वाचन, किरात आणि नातच्या बैठका घ्याव्यात. ईदनंतरच्या पहिल्या रविवारी सर्व समाजांच्या मुलींचा एक खो-खोचा सामना ठेवावा आणि सामन्यानंतर सर्वांना शीरखुर्मा द्यावा.

वाचक भगिनींनो, या अंकाचे पान मिटण्याआधी घरातल्या मुलीला एवढेच विचारा की रविवारी सकाळी नऊ ते अकरा ती काय करते. मग गल्लीतल्या आणखी तीन घरांत हाच प्रश्न विचारा. चार आया झाल्या की मुख्याध्यापकांकडे जा आणि मैदानाच्या फाटकाची किल्ली मागा. चुन्याची पिशवी आणि शिट्टी बाजारात मिळते.